डबी वर, डबी खाली

‘त्या कानाला हात लावून तुम्हाला नक्की काय कळतं, मॅडम?’ पागनीसनं विचारलं.

मी गोऱ्ह्याचा कान सोडला नाही. ‘रक्त पोचतंय की नाही ते कळतं. कान गरम असला तर सगळं ठीक. गार पडायला लागला, तर तुमचं यंत्र काहीही सांगू दे, जनावर संकटात आहे.’

‘मॉनिटरवर प्रेशर दिसतंय की. शहाण्णव. आकडा समोर असताना कान चाचपत बसायचं म्हणजे कुडमुड्या जोशाचा धंदा झाला.’

‘आणि वरच्या खोलीत बसून खालच्या जनावराचं हृदय चालवायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं.’

गोठा सांभाळणारा सखाहरीमामा शेणाच्या घमेल्यात तोंड घालून हसला. पागनीसचे कान लाल झाले. तो कागदाच्या गुंडाळ्या काखेत मारून जिना चढून गेला. त्या गोऱ्ह्याचा, आमच्या जावयाचा, नव्या हृदयावरचा तो अडतिसावा दिवस होता.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. पुण्याबाहेर नगर रस्त्याला आमची संस्था होती. नाव सांगत नाही, कारण ती आता नाही आणि तिथली माणसं अजून आहेत. तिथं कृत्रिम हृदय बनवायचं काम चालायचं. मी, हेमलता जगदाळे, तिथली जनावरांची डॉक्टर. मूळची फलटणची, वय अडतीस, आणि तोंडानं फटकळ. फटकळ आहे हे मला तेव्हाही माहीत होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

जावई म्हणजे एक संकरित गोऱ्हा. गवळ्यांना गाईच्या पोटी गोऱ्हा नको असतो. दूध देत नाही, नुसता खातो. असाच एक वाघोलीच्या गोठ्यातून आणला होता. नव्वद किलोचा, कपाळावर पांढरा टिळा. त्याचं स्वतःचं हृदय काढून तिथं प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या बसवल्या होत्या. बरगडीतून दोन नळ्या बाहेर येऊन यंत्राला जोडलेल्या. यंत्र हवा ढकलायचं, पिशव्या दाबल्या जायच्या, रक्त फिरायचं. कागदोपत्री तो ‘सी-सतरा’. पण आठ माणसं दिवसरात्र त्याच्या दिमतीला, हिरवा चारा हातानं भरवायचा, आणि वर तोच लाथ मारणार! म्हणून सखाहरीमामानं त्याला ‘जावई’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

तुम्ही खुर्चीतून उठता तेव्हा तुमचं हृदय आपलं आपण वेग बदलतं, शिरा आपल्या आपण आवळतात, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीला यातलं काहीच कळत नाही. तिला कुणीतरी सांगावं लागतं, आता जोरात, आता हळू. सुरुवातीला आम्ही पाळीपाळीनं यंत्राशेजारच्या स्टुलावर बसून बटण फिरवायचो. पागनीसनं त्यावर तोड काढली. त्याचं यंत्र स्वतःच रक्ताचं प्रेशर वाचायचं. प्रेशर वाढलं तर ठोके कमी करायचं, उतरलं तर वाढवायचं. खोटं कशाला बोलू, पोरगा हुशार होता. एकोणतीस वर्षांचा, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, कानपूरहून आलेला, आणि नाक कायम छताकडे.

हे प्रेशर मोजायला एक छोटीशी प्लॅस्टिकची डबी असायची. गोऱ्ह्याच्या शिरेतून पाण्यानं भरलेली बारीक नळी त्या डबीपर्यंत यायची आणि डबी सलाइनच्या स्टँडला अडकवलेली असायची. तिचं एकच पथ्य होतं. डबी हृदयाच्या उंचीवर पाहिजे. टाकी गच्चीवर असली की तळमजल्याच्या नळाला जोर येतो, तसंच ते. डबी खाली राहिली आणि हृदय वर गेलं, तर आकडा खोटा चढतो. गोऱ्हा बसलेला असताना हृदय जमिनीजवळ असतं, उठला की चांगलं दीड फूट वर जातं. म्हणून जावई उठला की डबी वर, बसला की डबी खाली. सखाहरीमामानं स्टँडला दोन ठिकाणी सुतळी बांधून ठेवली होती. दिवसातून पंधरा-सोळा वेळा आमच्यापैकी कुणीतरी ती डबी सरकवायचं. वहीत त्याची नोंद नव्हती. चहात साखर घातली हे कुणी वहीत लिहितं का?

पागनीसला यातलं काही माहीत नव्हतं. तो वरच्या खोलीत असायचा. त्याच्याकडे दर संध्याकाळी कागदाची पट्टी जायची, त्यावर प्रेशरची रेघ. त्यानं आपलं यंत्र आधी टेबलावर काचेच्या बरण्या आणि रबरी नळ्या मांडून तपासलं होतं. टेबल काही उठून उभं राहत नाही. नंतर जावयावर आठवडाभर चालवून पाहिलं, तेव्हाही ते झकास चाललं. चालणारच. खाली आम्ही डबी सरकवत होतो ना!

आता तुम्ही म्हणाल, सांगितलं का नाही? गेले होते की सांगायला. दुसऱ्या आठवड्यात. जिना चढून वर गेले आणि दारातूनच म्हणाले, ‘पागनीस, त्या डबीचं एक आहे—’

त्यानं मानसुद्धा वळवली नाही. ‘लिहून द्या, मॅडम. तोंडी काही नको. तोंडी गोष्टींनीच इथं सगळा घोळ झालाय.’

‘अहो, दोन मिनिटांचं काम आहे.’

‘मग लिहायलाही दोनच मिनिटं लागतील.’

भिंतीवर त्यानं परिषदेत लावलेलं मोठं पोस्टर होतं. वर पाच जणांची नावं. माझं त्यात नव्हतं. तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पशुपालन साहाय्य : कर्मचारी वर्ग’. सोळा जनावरांच्या उशाशी रात्री काढलेली मी, आणि मी कर्मचारी वर्ग! मी जशी आले तशी जिना उतरले. मनात म्हटलं, जा खड्ड्यात. विचारशील तेव्हा सांगेन.

त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

एकोणचाळिसाव्या दिवशी रणदिवे सरांनी आम्हाला बोलावलं. रणदिवे सर आमचे प्रमुख, शस्त्रक्रिया त्यांनीच केलेली. साठीला टेकलेले, आणि आमच्या दोघांच्या भांडणाला कंटाळलेले. परवा सकाळी अकरा वाजता दिल्लीहून समिती येणार होती. काम आणखी पाच वर्षं चालू ठेवायचं की संस्थेला कुलूप लावायचं, हे ती ठरवणार होती. याआधीचं कुठलंच जनावर तेवीस दिवसांपुढं गेलं नव्हतं. जावई एक्केचाळिसाव्या दिवशी उभा राहून चारा खाताना दिसला, म्हणजे झालंच.

‘एक तास यंत्र पूर्ण आपलं आपण चालेल,’ पागनीस म्हणाला. ‘कठड्याच्या आत कुणी जायचं नाही. मी जमिनीवर पिवळी पट्टी मारून घेतोय. सगळे पट्टीच्या बाहेर. आत एक जरी हात दिसला, तरी समिती म्हणेल यंत्र कुठं चालतंय, ही माणसंच चालवतायत.’

‘तो जावई आहे, पुतळा नव्हे,’ मी म्हटलं. ‘तासाभरात उठेल, बसेल, मुतेल.’

‘उठू दे की! मला तेच हवंय. तो उठेल, प्रेशर बदलेल, यंत्र सांभाळेल. तेच तर दाखवायचंय.’

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो उठणार. डबी खाली राहणार. आकडा खोटाच चढणार, आणि यंत्राला वाटणार प्रेशर वाढलं. यंत्र ठोके कमी करणार. म्हणजे ज्या घटकेला जनावराला जास्त रक्त पाहिजे, नेमकं त्याच घटकेला यंत्र त्याचं रक्त तोडणार. मी सांगायला तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं.

‘सर, स्पष्ट बोलू का?’ पागनीस माझ्याकडे न बघता म्हणाला. ‘मॅडमना काळजी जनावराची नाहीये. यंत्र आपलं आपण चाललं, तर खालच्या लोकांची गरज संपते. दुखणं ते आहे.’

रणदिवे सर चष्मा पुसत होते. त्यांनी त्याला गप्प बस म्हणायला हवं होतं असं मला वाटलं. ते म्हणाले नाहीत. चष्मा चढवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘हेमलताबाई, तुमचं आणखी काही?’

‘नाही सर,’ मी म्हटलं.

घरी जाऊन मी भाकरी थापल्या. भाकरी छान फुगल्या. माझ्या मनात शांत, थंड आनंद होता. हा शहाणा समितीसमोर तोंडावर आपटणार, आणि मी ते पाहणार. जावयाला काही होऊ द्यायचं नाही, हेही मी ठरवलं होतं. त्याचे पाय जरा लटपटले, समिती घाबरली आणि पागनीस ओरडला ‘मॅडम!’ की मी सावकाश आत जाणार आणि दोन बोटांनी डबी वर सरकवणार. सगळं पूर्ववत. मग सगळ्यांच्या देखत मला विचारावं लागेल, तुम्ही हे केलंत काय? तेव्हा मी सांगेन. अगदी सविस्तर सांगेन.

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी मी जावयाला आंघोळ घातली. टिळा पुसून पांढराशुभ्र केला. सखाहरीमामानं त्याच्या गळ्यात घुंगरू बांधायला आणलं होतं, ते पागनीसनं काढायला लावलं. मामा पुटपुटला, ‘आडमुठा हाय बगा. जावयाचा असा पानउतारा करत्यात व्हय?’

अकराला समिती आली. पाच जण, पायात कापडी पिशव्या, तोंडाला फडकी. पागनीस नवा सूट घालून इंग्रजीत बोलत होता. जावई बसून रवंथ करत होता. मॉनिटरवर शहाण्णव, ठोके एकशे दहा. पिवळ्या पट्टीबाहेर डाव्या अंगाला मी, माझ्या शेजारी सखाहरीमामा. जावई माझ्यापासून आठ फुटांवर होता.

वीस मिनिटं काही झालं नाही. समितीतले एक टक्कल पडलेले गृहस्थ घड्याळाकडे बघायला लागले. तेवढ्यात मामाच्या हातातल्या पाटीतला हिरवा चारा, लसूणघास, जावयाला दिसला. त्यानं मान उचलली आणि उठला. गुरं उठतात तसा, आधी मागचे पाय, मग पुढचे.

आकडा चढला. एकशे दहा. एकशे वीस. एकशे तीस.

‘बघा,’ पागनीस आनंदानं म्हणाला. एवढं मराठीत निघालं त्याच्या तोंडून. मग इंग्रजीत सुरू झाला, की उठण्याच्या श्रमानं प्रेशर वाढलंय, आता यंत्र ते खाली आणेल. आणि यंत्र आणायला लागलं. ठोके शंभर. नव्वद. ऐंशी. त्याबरोबर आकडाही उतरत आला, एकशे वीस, एकशे दहा. समितीतल्या एक बाई मान डोलवून वहीत लिहू लागल्या.

सखाहरीमामाचा एक पाय पट्टीच्या आत पडला. इतक्या दिवसांची सवय, पायालाच ठाऊक होतं. मग त्याला पट्टी आठवली आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नको.

‘बाई,’ तो हळूच म्हणाला, ‘डबी.’

मी पुन्हा मान हलवली, आणि डोळे वटारले. त्यानं पाय मागे घेतला.

आकडा शहाण्णववर येऊन थांबला. सगळ्यांच्या दृष्टीनं सगळं छान झालं. खरं प्रेशर साठच्या आसपास असणार हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला मी गप्प केलं होतं. जावयानं लसूणघासाकडे एक पाऊल टाकलं आणि मध्येच थांबला. त्याचे मागचे पाय बारीक थरथरत होते. जीभ जरा बाहेर आली, तिचा रंग फिका होता. मला कान हातात हवा होता. आठ फुटांवरून कान गरम आहे की गार ते कळत नाही.

अजून थोडं, मी स्वतःला म्हटलं. अजून कुणाच्या लक्षात आलं नाहीये. त्याचा चेहरा उतरू दे. दहापर्यंत मोजते आणि आत जाते.

मी मोजत होते. सातला जावई पडला.

पुढचे गुडघे आधी गेले, मग सगळं अंग डाव्या कुशीवर कोसळलं. नळ्या डाव्या बरगडीतूनच बाहेर येत होत्या. नव्वद किलोचं धूड त्या नळ्यांवर. यंत्रानं किंचाळायला सुरुवात केली. मी धावले, मामा धावला, पागनीस सगळ्यांच्या आधी कठडा ओलांडून आत पोचला. आता गोऱ्हा खाली होता आणि डबीही खाली होती, त्यामुळे मॉनिटरवरचा आकडा बरोबर होता. चौतीस.

‘उचला! वर उचला!’ पागनीस ओरडत होता. नवा सूट शेणात, जावयाचं डोकं मांडीवर. ‘मॅडम, काय झालं? काय झालं हो? आकडा तर बरोबर होता!’

आम्ही तिघांनी त्याला कुशीवरून वळवलं. नळ्या मोकळ्या झाल्या, हवा आत गेली, पण आतला जोड फाटला होता. नाकातून रक्त आलं. रणदिवे सर हातमोजे न घालताच आत आले आणि एका मिनिटात त्यांनी हात मागे घेतले. मी कान धरून बसले होते. तो गार पडत होता, टोकाकडून मुळाकडे. अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी रणदिवे सरांनी यंत्र बंद करायला सांगितलं. पागनीस बटणाकडे गेलाच नाही. शेवटी बटण मीच फिरवलं.

समितीला जेवायला नेलं. थाळीत काय होतं ते मला आजही आठवतं. ते सांगण्यात अर्थ नाही.

दीड पानाचं पत्र महिन्याभरात आलं. काम बंद. यंत्र माणसापर्यंत पोचलंच नाही. आमच्यातल्या अकरा जणांना दुसरीकडे जागा शोधायला सांगितलं गेलं.

पण त्याआधीच सखाहरीमामानं बागकामावर बदली मागून घेतली. मी त्याला विचारायला गेले. तो गुलाबांच्या मुळाशी माती खालीवर करत होता.

‘मामा, रागावलात?’

‘रागावतो कशापायी? तुमी साहेबलोक.’

‘असं तोडून बोलू नका.’

त्यानं खुरपं खाली ठेवलं. ‘बाई, आमच्याकडं भावाभावांत वैर असतं. लई वाईट वैर असतंय. बांध कोरत्यात, झाड तोडत्यात, पानी अडवत्यात. पर दुसऱ्याचा बैल कुनी मारत न्हाई.’ मग त्यानं परत खुरपं उचललं. ‘दोन डाव मान हलवली तुमी. मी बगितलं.’

माझा संताप झाला. मी म्हटलं, तुम्हाला पाय टाकायला कुणी धरलं होतं काय? टाकायचा होता पाय! तो माती उकरत राहिला. तरातरा निघून आले मी. ऑफिसात बसून मनातल्या मनात पागनीसला शिव्या घातल्या. पिवळी पट्टी कुणी मारली? त्यानं. हात लावू नका कुणी म्हटलं? त्यानं. माझ्या तोंडावर मला कोत्या मनाची कुणी ठरवलं? त्यानंच. हिशेब अगदी चोख होता, आणि तो मी दिवसातून दहा वेळा स्वतःशी मांडत होते.

समितीचं पत्र यायला आठवडा असेल, तेव्हा पागनीस खाली आला. त्या घटनेनंतर पहिल्यांदाच. दाढी वाढलेली, काखेत कागदाच्या गुंडाळ्या. गोठा धुऊन रिकामा केला होता. त्यानं माझ्या टेबलावर एक पट्टी उलगडली, तिच्या दोन्ही टोकांवर माझीच पुस्तकं ठेवली.

‘हे बघा,’ तो म्हणाला. ‘हा आठवा दिवस. इथं तो उठला. आकडा चढतो, एकशे अठ्ठावीस. चार सेकंद. मग झटकन खाली, सत्त्याण्णव. इथं परत उठला. पाच सेकंद, आणि खाली. हा बारावा दिवस, हा तेविसावा. सगळीकडे तेच. मी सहाशे बारा मोजले.’

मी पट्टीकडे पाहत राहिले.

‘मला वाटत होतं, हे त्याचं शरीर सांभाळून घेतंय. शिरा आवळतायत, सैल होतायत. त्या भरवशावर मी सगळं गणित बसवलं. शरीर नव्हतं ते. तुम्ही होतात.’ त्यानं रेघेवरच्या उंचवट्यावर बोट ठेवलं. ‘हा तुमचा हात आहे, मॅडम. सहाशे बारा वेळा. एक्केचाळिसाव्या दिवशीच तेवढा नाही.’

‘तुम्ही हात लावू नका म्हणाला होतात,’ मी म्हटलं.

‘हो. म्हणालो होतो.’

‘सांगायला आले होते तर लिहून द्या म्हणालात.’

‘तेही म्हणालो.’

‘आणि रणदिवे सरांसमोर काय बोललात, आठवतंय ना?’

‘शब्दन्‌शब्द.’ त्याचा आवाज चढला नाही. मला वाटत होतं चढावा. तो भांडला असता तर मी त्याला पुरून उरले असते, सगळी उत्तरं जिभेवर तयार होती. ‘एकच विचारतो. त्या खोलीत सर म्हणाले, तुमचं आणखी काही? तेव्हा तुम्हाला माहीत होतं?’

मी नाही म्हणू शकले असते. पट्टीवर त्याचा पुरावा नव्हता.

‘होतं,’ मी म्हटलं.

त्यानं मान डोलवली. उत्तर त्याला आधीच ठाऊक असावं. खिशातून घडी घातलेला टंकलेला कागद काढून त्यानं माझ्यासमोर ठेवला. मृत्यूचा अहवाल. त्यावर जनावरांच्या डॉक्टरची सही लागते. मी वाचला. डबीच्या उंचीचा विचार यंत्राच्या रचनेत केला गेला नाही, त्याची संपूर्ण जबाबदारी आशुतोष पागनीस यांची, असं त्यात लिहिलं होतं. खाली त्याची सही. मी पुन्हा वरपासून वाचलं. माझं नाव कुठंच नव्हतं. सखाहरीमामाचं नव्हतं. मान हलवण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मला लाज वाटली असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मला आला तो राग. हा माणूस माझ्यावर उपकार करायला निघालाय, असं वाटलं.

‘माझं नाव का नाही घातलंत?’ मी विचारलं. ‘दया करताय का माझ्यावर? घाला की! मी घाबरत नाही.’

‘दया?’ पागनीसनं पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. ‘नाही हो. हा चुकांचा अहवाल आहे, मॅडम. चूक माझी झाली, मला माहीत नव्हतं. तुमची कुठं चूक झाली? तुम्हाला तर सगळं माहीत होतं.’

त्यानं पेन पुढं केलं.

लाज मागाहून आली. फार उशिरा आली, आणि सत्तरी ओलांडली तरी गेलेली नाही. त्या दिवशी मात्र मी निमूटपणे पेन घेतलं आणि सही केली. सहीखाली हुद्दा लिहावा लागतो. मी लिहिला, पशुवैद्यकीय अधिकारी.